करड्याची नोंद

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१२ मे २०२४

ती. भिकनदादा यांस,

शालूचा नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस. इकडे सगळे सुखरूप आहेत, आणि तिकडे तुम्हीही असाल असं मी धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. फोन केला की म्हाळसावहिनी म्हणतात, "ते रानात गेलेत." सकाळी रानात, दुपारी रानात, दिवेलागणीलाही रानात. आपलं रान केवढं ते मला ठाऊक आहे. तिथे माणूस इतका वेळ हरवू शकत नाही. म्हणून काल पोस्टात जाऊन पाकीट आणलं. फोन वाजून वाजून बंद पडतो, पत्र मात्र पोस्टमन दारात उभा राहून, नाव पुकारून देतो. बघू आता कसा रानात जातोस.

उन्हाचं काही विचारू नकोस. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही त्यांच्या लहरीवर. गल्लीच्या तोंडाशी नव्या जलवाहिनीचे पाइप येऊन पडलेत, एवढे मोठे की माझ्या अंगणवाडीची पोरं त्यातून उभ्याने पळतात. पाणी मागाहून येणार आहे म्हणे. तोवर पोरांना सावली झाली. समोरच्या माळावर, जिथे अप्पा पहिल्यांदा आले तेव्हा बाभळी होत्या, तिथे आता सात मजली इमारत चढतेय. अप्पा रोज गच्चीतून तिच्याकडे बघतात आणि म्हणतात, "यवढी मानसं वर चढून पानी कुठलं पेनार?" मी म्हणते, टँकरचं. ते मान हलवतात.

आता मुद्द्याचं. तू दिलेले दोन्ही पक्षी मजेत आहेत.

तू ते आणलेस तो दिवस मला अजून आठवतो. गुडघ्यांनी दगा दिल्यावर अप्पा मेंढरं तुझ्या हवाली करून माझ्याकडे राहायला आले खरे, पण दिवसभर नुसते बसून असायचे. हातात काठी, आणि हाकायला काही नाही. मग तू घोंगडीत गुंडाळलेला पिंजरा घेऊन आलास. दौलताबादेजवळच्या ज्या फार्महाऊसवर तू खतासाठी मेंढरं बसवायचास, त्याचा मालक जमीन प्लॉटिंगवाल्याला देऊन परदेशी निघाला होता आणि जाताना हे आफ्रिकेतले राखी पोपट तुझ्या गळ्यात मारून गेला. "अप्पाला राखायला कायतरी पायजे," एवढंच म्हणालास तू. मालकाने ठेवलेली सुलतान-बेगम ही नावं अप्पांनी त्याच दिवशी मोडीत काढली आणि मेंढरांना ठेवतात तशी ठेवली, करड्या आणि भुरी.

करड्याने तर घर डोक्यावर घेतलंय. घंटागाडीचं गाणं म्हणतो, पाण्याच्या जारवाल्याचा हॉर्न वाजवतो, आणि आमच्या ह्यांचा खोकला असा हुबेहूब काढतो की मी दोनदा काढा उकळला. भुरी काही बोलत नाही, नुसती ऐकून घेते. माझ्यासारखीच म्हणायची, असं मी म्हटलं तर ज्ञानेश्वरी हसत सुटली. तुझी भाची कॉलेजात जायला लागल्यापासून फार हसते.

मागच्या आठवड्यात मात्र कहर झाला. अप्पांनी त्याला आपली पाण्यावर न्यायची शीळ शिकवली आहे, ती लांबलचक, शेवटी वर चढणारी. कन्नडकडचा एक कळप नाशिक रोडने पैठणच्या धरणाकडे निघाला होता. पाणी मागे हटलं की तिथल्या उघड्या गाळात जरा हिरवं मिळतं ना, म्हणून. करड्याने गच्चीतून शीळ घातली. अरे दादा, अख्खा कळप रस्ता सोडून आमच्या गल्लीत! मेंढरं जिन्यावर, मेंढरं स्कूटरच्या मध्ये, शेजारच्या आवडाबाईंच्या तुळशीचा तर नुसता दांडा राहिला. मेंढके बिचारे ओरडून दमले, जनावरं वर तोंड करून उभीच. तहानलेली होती रे. शेवटी आम्ही ड्रम उघडला. आठवड्याचं पाणी होतं, पण अप्पांच्या समोर झाकण लावायची कुणाची छाती?

ह्यांनी आपलं शहरी डोकं चालवून त्या मेंढक्याला विचारलं, "किती आहेत मेंढ्या?" त्याने ऐकलंच नाही असं केलं. पुन्हा विचारलं तर म्हणाला, "हायती थोडी." अप्पा गालात हसले. ह्यांना काय कळतंय, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला माणूस.

त्या गोंधळाची बातमी सगळीकडे झाली आणि पोपटांचं ऐकून कुणीतरी येऊन वेगळंच सांगून गेलं. सरकारने नियम काढलाय. ठरावीक जातींचे परदेशी पशुपक्षी ज्यांच्या घरी आहेत त्यांनी ऑनलाइन नोंद करायची, मुदत ऑगस्टअखेर. आपले राखी पोपट त्यात येतात. नोंद नसेल तर पक्षी ठेवता येणार नाहीत असं ज्ञानेश्वरी वाचून सांगते. आवडाबाईंचं उलटच. त्यांच्याकडे साधा हिरवा मिठू, आणि आपल्याकडचा रानातला पोपट मुळात पाळताच येत नाही. त्यांना हे कळल्यापासून दारावर टकटक झाली की त्या मिठूवर टोपली पालथी घालतात, आणि टोपली आतून "कोण आहे?" विचारते. शेवटी मीच त्यांना समजावलं, वनखात्याला नेऊन द्या, ते त्याला पुन्हा उडायला शिकवतील. रडल्या खूप, पण दिला.

अप्पांनी हे सगळं बघितलंय. तेव्हापासून ते पिंजऱ्याजवळून हलत नाहीत. मला म्हणाले, "शाले, ही बी नेतील का?" मी म्हटलं, नाही नेणार, मी आहे ना. म्हटलं तर खरं, पण दादा, ह्या वयात ती दोन पाखरं गेली तर म्हातारा पुन्हा काठी घेऊन भिंतीकडे बघत बसेल. ते मला बघवणार नाही.

तर तुझ्याकडून एकच हवं. हे पक्षी कुणी, कुठून, कसे दिले ते दोन ओळीत लिहून सही करून पाठव. सोबत जोडता येईल.

अप्पांचा डोळा आता छान आहे. सुईत दोरा ओवून दाखवतात. ऑपरेशनच्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही. तू दवाखान्यात डबा बाकावर ठेवून न बोलता निघून गेलास, तो डबा माझ्याकडे आहे. झाकण घट्ट बसतं त्याचं.

वहिनींना नमस्कार. रानालाही.

तुझी,
शालू


लासूर स्टेशन
३ जून २०२४

चि. सौ. शालूस आशीर्वाद.

लिहून देतो की, मी भिकन अप्पाराव, धनगरवस्ती, लासूर स्टेशन, मला दौलताबादच्या फार्महाऊस मालकाने जाताना दोन राखी पोपट राजीखुशीने दिले. ते मी पडेगाव येथे दिले. पैसे घेतले नाहीत. माझा त्यांच्यावर हक्क नाही.

सही केली आहे. वरचं कापून जोड.

उन्हात पिंजरा पूर्वेच्या भिंतीला ठेवायचा. हुरड्याची कणसं वाळवून ठेवली होती ती येणाऱ्या माणसाबरोबर पाठवली आहेत. औषधाचे थेंब दिवसातून किती वेळा घालतेस? चुकवू नको.

भिकन


पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
११ ऑगस्ट २०२४

प्रिय दादा,

आज तीर्थरूप वगैरे काही नाही. आज मी भांडायच्या तयारीत बसलेय आणि मधूनच हसू येतंय, तेव्हा अक्षर हललं तर समजून घे.

तुझा कागद मिळाला. "पडेगाव येथे दिले." कुणाला दिले? पडेगावच्या ग्रामदैवताला? बापाचं नाव लिहायला पेन झिजतं का? आणि थेंब कुणाच्या डोळ्यात घालायचे तेही लिहिलं नाहीस, मी करड्याच्या घालत बसले असते तर? जाऊ दे. कणसं पोचली. अप्पांनी एक दाणा तोंडात टाकला, चावला, आणि म्हणाले, "ही आपल्या इहिरीकडच्या तुकड्यातली." कुणी पाठवली ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आपल्या घरात एकमेकांना काही न सांगण्यात सगळे एकाहून एक आहेत.

यंदा पाऊस बरा आहे, माळ हिरवा झालाय, जो काही माळ उरलाय तो. आता ऐक.

ज्ञानेश्वरीने अर्ज भरला. दोन पक्षी, अप्पांच्या नावाने, तुझा कागद जोडून. परवा वनखात्याकडून बद्रीनाथ नावाचे एक साहेब खात्री करायला आले. भला माणूस, चपला बाहेर काढून आला. अप्पा बाजेवर बसलेले, खांद्यावर घोंगडी, समोर पिंजरा. साहेबांनी हसत विचारलं, "बाबा, पक्षी किती?"

अप्पा म्हणाले, "येकच हाय जी."

माझ्या हातातून चहाचा ट्रे पडायचा राहिला. ज्ञानेश्वरी ओरडली, "अप्पा, दोन!" अप्पांनी तिच्याकडे असं बघितलं की पोरगी खाली बसली. मी पिंजऱ्यात बघितलं तर खरंच एकटी भुरी.

साहेबांनी कागद काढले. "बाबा, इथे तर दोन लिहिलेत. दुसरा विकला का?"

"इकीन कसा?"

"मग गेला का तो?"

"आसं अभद्र बोलू नगा सायेब."

साहेब जरा गंभीर झाले. म्हणाले, "कागदावर दोन आणि पिंजऱ्यात एक, हे मला असंच लिहिता येणार नाही. दुसरा कुठे गेला त्याचा खुलासा लागेल. नाहीतर अर्ज अडकेल, मुदत संपत आलीय, आणि मग हा एकसुद्धा तुमच्याकडे राहील की नाही, मला सांगता येत नाही."

 अप्पांनी घोंगडी आणखी आवळून धरली. तेवढ्यात खालून जारवाल्याची रिक्षा हॉर्न वाजवत गेली. आणि अप्पांच्या घोंगडीने तिला उत्तर दिलं.

मग घोंगडी खोकली. आमच्या ह्यांचा खोकला, तोच, कफ अडकल्यासारखा. हे तर तेव्हा वाळूजला कंपनीत होते. साहेबांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "बाबा, घोंगडीला औषध द्या."

अप्पांनी करड्याला बाहेर काढला. घामाघूम झाले होते दोघंही. मला वाटलं, आता माणूस चिडणार. पण त्यांनी बाजेशेजारी बसून नुसतं विचारलं, "का हो बाबा? नोंद तर तुमच्याच फायद्याची आहे. लपवला कशाला?"

अप्पा म्हणाले, "लपवला नाय. मोजला नाय." मग करड्याच्या मानेवरून बोट फिरवत म्हणाले, "कळपाचा आकडा परक्याला पुरा सांगायचा नसतोय सायेब. येक राखून सांगायचा. दिष्ट आकड्याला लागती. जो आकड्यात नाय त्याला कशी लागंल?"

"मग राखायचा कुठला?"

"ज्याला लागलं तर आपल्याला लागंल, त्यो."

दादा, चहा निवून गेला. मला दवाखाना दिसायला लागला.

आता ते लिहितेच, इतके दिवस टाळलं. अप्पांच्या एका डोळ्याला पट्टी होती, दुसऱ्याने तर त्यांना आधीपासूनच धुरकट दिसायचं. सिस्टरबाईंनी त्यांना विचारलं, "आजोबा, मुलं किती?" अप्पा म्हणाले, "येक लेक हाय." आणि तू डबा घेऊन दारात उभा होतास. तुझं तोंड मी बघितलं. तुला वाटलं, दुष्काळात मेंढरं विकलीस म्हणून बापाने तुला खोडून टाकलं. खरं सांगू? मलाही तेच वाटलं. तू त्यांना मेंढरं विकल्याचं सांगायला आलास तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं, शब्द बोलले नव्हते. म्हणून तू निघून गेलास तेव्हा मी तुला हाक मारली नाही.

अरे पण आपण दोघंही मेंढक्याचीच लेकरं ना! लहानपणी मी मास्तरांना कळपाचा आकडा सांगून आले तर अप्पांनी माझ्यावरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली होती. म्हातारा मेंढरांचा हिशोब असा ठेवतो तर पोरांचा वेगळा ठेवेल का? हे तुझ्या ध्यानात आलं नाही, माझ्याही आलं नाही.

पुढचं ऐक. साहेबांनी तुझा कागद त्यांच्यापुढे धरला. "हे बघा, तुमच्या मुलानेच लिहून दिलंय, दोन पक्षी."

अप्पा म्हणाले, "त्याचं अक्षर हाय? द्या इकडं." आणि नव्या डोळ्याने ते वाचत बसले. तुला माहीत आहे अप्पांना अक्षरं जेमतेम लागतात. तरी त्यांनी तो कागद खाली ठेवला नाही. साहेबांनी दोन्ही पक्षी बघितले, लिहिलं, आणि उठता उठता विचारलं, "बाबा, तुम्ही एखाद वेळी नसलात तर ह्या पक्ष्यांसाठी कुणाला गाठायचं? एखादं नाव सांगून ठेवा."

मी माझं नाव सांगायला तोंड उघडलं होतं. अप्पा म्हणाले, "भिकन अप्पाराव. माझा ल्योक. लासूर टेशनला असतो." भरल्या घरात, परक्या माणसापुढे, मोठ्याने. आणि लगेच जमिनीला हात लावून कानाला लावला, वाईट टळावं म्हणून.

साहेब गेल्यावर मी समोर जाऊन बसले. म्हटलं, "अप्पा, दवाखान्यात तुम्ही एकच लेक म्हणालात."

"मंग? दवाखान्यात धा मानसं. तिथं समदं सांगायचं असतंय व्हय?"

"भिकनदादा दारात उभा होता. ऐकलं त्याने."

दादा, अप्पा माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "त्यो आला व्हता?"

त्यांना ठाऊकच नव्हतं रे! इतके महिने ते धरून बसले होते की बापाचा डोळा कापला तरी पोरगा आला नाही. तू डबा ठेवून गेलास ते सांगितलं, तर किती तरी वेळ तोच मागत होते. मी आणून दिला. रिकामा डबा, झाकण उघडून वास घेऊन बघितला आणि मांडीवर ठेवला. मी रडले. ज्ञानेश्वरीही रडली, आणि आवडाबाई काय झालं ते न विचारताच येऊन रडून गेल्या.

मेंढरांचंही मी विचारून घेतलं, हात धुवून पाठीच लागले. तर म्हणाले, "बहात्तरला म्या बी इकली व्हती. पानी नाय तर मुक्या जनावराला काय दावनीला बांधून मारायचं? शानपनाचं केलं त्यानं. पर त्याच्या समूर माझे डोळे वाहिले असते तर त्यो मोडला असता. म्हून तोंड फिरवलं." बघ म्हणजे. तुला रडू दिसू नये म्हणून भिंतीकडे वळले, आणि तू त्या पाठीवर काय काय वाचून गेलास.

मग माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं. म्हटलं, "अप्पा, म्हणजे दादा राखून ठेवायचा, आणि मी? मला खुशाल मोजलंत? मला लागू दे दृष्ट?" तर काय म्हणावं त्यांनी! "तुला कुनाची दिष्ट लागतीया? तुझीच लोकास्नी लागंल." हा माझा मान. सांभाळलं मी, थेंब घातले मी, आणि मोजणीबाहेर मात्र तू आणि तो खोकणारा पोपट.

आता तुझा हिशोब. तू म्हणालास सगळी मेंढरं विकली. मग दादा, दिवसभर रानात तू कुणाच्या मागे असतोस? वहिनींना मी हेच विचारलं तर त्या जरा अडखळल्या आणि म्हणाल्या, "हायती थोडी." मी आकडा विचारला नाही. अप्पांना सांगितलं. ते गच्चीत गेले आणि करड्याबरोबर पाण्याची शीळ घालत बसले, एकदा हा, एकदा तो.

अप्पांनी मला पत्र लिहायला सांगितलेलं नाही, हे आधीच सांगते. फक्त मी लिहायला बसल्यापासून ते पाणी प्यायला तीनदा आत आलेत. तुझं नावही ते घेत नाहीत, एकदा घेतलं तेवढं पुरे म्हणतात. पण कालपासून करड्या पहाटे उठून ओरडतोय, "भिकन्या, आलास का रं?" कुणी शिकवलं विचारलं तर अप्पा म्हणतात, "पाखरू हाय. ऐकलं असंल कुटंतरी."

राखीपौर्णिमा सोमवारी एकोणीस तारखेला आहे. पाकीट उलटं करून झटकू नकोस, राखी यात घातलेली नाही. दरवर्षी पोस्टाने पाठवायची सवय तुला मीच लावली, ती यंदा मोडते. हवी असेल तर येऊन बांधून घे. लासूरहून गाडीने ये आणि वहिनींना घेऊन ये. पुरणाचं मी बघते. डबा परत न्यायचा आहे, पण तो अप्पांच्या उशाशी असतो, तो त्यांच्याकडून तुलाच मागून घ्यावा लागेल.

दारात कुणी विचारलं, घरी किती माणसं आली, तर मी एक कमी सांगेन. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझी,
अप्पांनी मोजलेली,
शालू